गोदामाच्या शटरची तुटलेली स्प्रिंग बदलताना

मृगाच्या तोंडावर गावच्या सोसायटीचे गोदाम उघडावयास जावे, कुलूप काढून शटर वर लोटावे, आणि ते हातभर उचलले जाऊन तिरपे होऊन अडकावे, हा प्रसंग पुष्कळ गावांना नवा नाही. बाहेर बियाण्यासाठी माणसे खोळंबलेली असतात, आभाळ भरून आलेले असते. अशा वेळी चार तरुण पुढे होतात, खालून पहार घालतात आणि शटर कसेबसे वर ढकलतात. ते वर गेले की सर्वांना हायसे वाटते व पोत्यांची ने-आण सुरू होते. वस्तुतः खरा धोका येथूनच सुरू होतो. त्या शटरची एक स्प्रिंग तुटलेली असते, आणि तिच्या वाट्याचे ओझे आता कोणीच धरून ठेवलेले नसते. हमाल मात्र त्याच्याच खालून ये-जा करीत असतात.

गोदाम, ट्रॅक्टरची शेड, पिठाची गिरणी, दूध संकलनाची खोली अशा अनेक ठिकाणी आता पोलादी पट्ट्यांची शटरे बसविलेली दिसतात. ती रोज हाताखाली असतात, म्हणूनच त्यांच्या अंगी किती बळ दडलेले आहे याची आपणांस जाणीव राहत नाही. तेव्हा प्रथम त्यांची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

शटरचे वजन किती असते, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. सव्वा मिलिमीटर जाडीचा सपाट पोलादी पत्रा एका चौरस मीटरला सुमारे 10 किलो भरतो. 3 मीटर रुंद व अडीच मीटर उंच दाराला साडेसात चौरस मीटर, म्हणजे 75 किलो पत्रा लागतो. परंतु पट्ट्या एकमेकींत अडकविण्यासाठी त्यांच्या कडा वळविलेल्या असतात, शिवाय तळाशी जाड पट्टी असते. हे सर्व धरले असता वजन शंभर किलोंच्या आसपास जाते. पूर्ण क्विंटलभराचे हे ओझे बारा-चौदा वर्षांचा मुलगाही एका हाताने वर लोटू शकतो, याचे कारण वरच्या गुंडाळीत बसविलेल्या स्प्रिंगा होत. कोकणात बागेच्या विहिरीवर ओकतीच्या मागील टोकास दगड बांधतात, त्यामुळे पाण्याने भरलेले भांडे हलके होऊन वर येते. येथे दगडाचे काम स्प्रिंगा करतात, एवढाच फरक.

दारावरील पत्र्याच्या झाकणाआड एक आडवा पाइप असतो. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पक्क्या केलेल्या ब्रॅकेटांवर यू-क्लॅम्पांनी आवळलेला असतो. शटर वर-खाली होताना हा पाइप फिरत नाही. फिरतात त्या त्याच्यावर ओवलेल्या पुल्या. प्रत्येक पुलीच्या पोटात घड्याळाच्या कमानीसारखी चपट्या पोलादाची गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिचे आतले टोक पाइपला आणि बाहेरचे टोक पुलीला जोडलेले असते, व शटरची सर्वांत वरची पट्टी पुल्यांना टांगलेली असते. शटर खाली ओढले की पुल्या फिरतात आणि स्प्रिंगांना पीळ बसतो. वर लोटले की तोच पीळ उलगडून आपल्या हाताला साहाय्य करतो. शटर जसजसे वर गुंडाळले जाते तसतसे त्याचे लोंबते वजन कमी होत जाते, आणि स्प्रिंगांचे बळही त्याच प्रमाणात उतरत जाते. या दोहोंचा मेळ बसला म्हणजे शटर अर्ध्यावर सोडले तरी तेथेच थांबते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. शटर पूर्ण खाली असते तेव्हा स्प्रिंगांत सर्वांत अधिक बळ साठलेले असते. वर दिलेल्या शटरच्या बाबतीत, शंभर किलोंचे पोते सव्वा मीटर उंच उचलावयास जे श्रम पडतील, निदान तेवढे बळ त्या पुल्यांत कोंडलेले असते. दुसरी गोष्ट अशी की, शटर पूर्ण वर गेले तरी हे बळ शून्य होत नाही. शटर बसविताना कारागीर पाइपला पाइपपान्याने काही फेरे देऊन मगच यू-क्लॅम्प आवळतो. हा आरंभीचा ताण स्प्रिंगांत सदैव शिल्लक असतो. “शटर वर आहे, आता स्प्रिंगा ढिल्या आहेत” अशा समजुतीने कोणी क्लॅम्पचा नट सैल केला, तर पाइप गरकन उलटा फिरतो आणि त्यावर लावलेल्या पान्याचा दांडा हात, मनगट वा जबडा यांवर आदळतो. तुटलेली स्प्रिंग निर्जीव असते, तिचे भय नाही. भय आहे ते शेजारच्या न तुटलेल्या स्प्रिंगांचे. म्हणून हे काम सुतारकामाच्या वा नळकामाच्या हौशी माणसाने हाती घेऊ नये. शटरच्या कारागिरालाच ते द्यावे. कारागीर येईपर्यंत काय करावे आणि तो काम करीत असताना कशावर लक्ष ठेवावे, हे मात्र प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असले पाहिजे.

बिघाड ओळखणे फारसे कठीण नाही. स्प्रिंग तुटते तेव्हा बहुधा झाकणाआड मोठा आवाज होतो, आणि तो रात्रीच्या शांततेत झाल्यास चोर आल्याचाही भास होतो. त्यानंतर शटर जड लागते, एक बाजू मागे राहते, बाजूच्या चॅनेलमध्ये पट्ट्या घासून करकरतात. शटर तिरपे न होता सरळच राहिले, परंतु एकाएकी सर्व अंगाने जड झाले, तर स्प्रिंग तुटली नसून यू-क्लॅम्प सुटून पाइप फिरला असण्याचा संभव अधिक. ही स्थिती जास्त वाईट समजावी. कारण एक स्प्रिंग तुटली तर चारांपैकी तीन तरी भार घेतात. पाइप फिरला असता चारही निकामी होतात आणि सबंध क्विंटल माणसांच्या हातावर येतो.

बिघाड झाला त्या वेळी शटर खाली असेल तर ते खालीच राहू द्यावे. तेथून ते आणखी कोठे पडणार नाही. गोदामास दुसरे दार असल्यास त्याने व्यवहार चालवावा. शटर वर असताना स्प्रिंग तुटली, तर ते खाली ओढून घेण्याचा मोह आवरावा. आत असलेल्या माणसांनी दुसऱ्या वाटेने बाहेर यावे. दुसरी वाट नसेल तर दोन्ही कडांना तळपट्टीखाली शटरच्या उंचीइतके भक्कम लाकडी टेकू बाजूने उभे राहूनच द्यावेत आणि मग एकेकाने बाहेर पडावे. एकच टेकू मधोमध देऊ नये, त्यावर शटर तोलासारखे झुलते. टेकूच्या बुडाशी फळी घालावी, म्हणजे तो फरशीवरून सरकणार नाही. विटांची चळत अथवा खताच्या पोत्यांची थप्पी हा टेकू नव्हे.

कधी कधी नाइलाज असतो. दार एकच, शटर खाली अडकलेले, बियाणे आत, आणि कारागीर तालुक्याहून उद्या येणार. अशा वेळी शटर उचलावयाचेच झाल्यास चार जाणती माणसे दोन्ही कडांना सारखी उभी करावीत, एकाने हाक द्यावी आणि सर्वांनी एकदम टाच-टाच उचलावे. प्रत्येक उचलीबरोबर दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे सरकवीत जावे. ठोकळा आडव्या काठीने ढकलावा, हाताने नव्हे. बोटे पट्ट्यांच्या सांध्यांत कधीही घालू नयेत, तळपट्टीचीच मूठ धरावी. उंची मिळाल्यावर पूर्ण लांबीचे टेकू द्यावेत, लागतील तेवढीच पोती काढावीत आणि पुन्हा शटर सावकाश खाली आणून ठेवावे. पहार घालून एका बाजूने उचकटू नये. त्याने चॅनेल वाकते, पट्ट्या निखळतात, आणि स्प्रिंगेचा खर्च दुपटीवर जातो. गर्दी व मुले यांना त्या वेळेपुरते दूर ठेवणे हे कार्यकर्त्याचेच काम आहे. ते दुसरे कोणी करीत नाही.

विजेच्या मोटारीवर चालणारे शटर असेल तर प्रथम मुख्य बटण बंद करून तेथे कोणी हात लावू नये अशी पाटी अडकवावी. साखळीवर चालणाऱ्या रुंद शटराची साखळी मोकळी सोडू नये.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. चांगला कारागीर सामान्यतः शटर पूर्ण वर घेतो, त्याची गुंडाळी पाइपसह दोरखंडाने दोन-तीन ठिकाणी आवळून बांधतो, आणि तळाशी टेकू देतो. दोर सुटला तरी टेकू असतो, टेकू सरकला तरी दोर असतो. ज्याला हे दोन्ही करावयाचा कंटाळा येतो, त्या कारागिराला नम्रपणे थांबवावे. शटर वर जाण्यासारखेच नसेल, तर ताण खालच्या स्थितीत काढावा लागतो. ते अतिशय जोखमीचे काम आहे व अनुभवी माणसाशिवाय कोणी त्यास हात घालू नये.

मग उरलेला ताण उतरविला जातो. यासाठी दोन पाइपपाने हवेत, एक नव्हे. एका पान्याने पाइप घट्ट धरून ठेवावयाचा, मग क्लॅम्पचे नट थोडे थोडे सैल करावयाचे, आणि पाइपला थोडा थोडा मागे येऊ द्यावयाचे. पहिला पाना काढण्यापूर्वी दुसरा पाना चढलेला असला पाहिजे. पाना धरणाऱ्याने दांड्याच्या फिरण्याच्या मार्गात डोके वा छाती ठेवू नये. तो एका अंगाला उभा असावा. उभे राहण्यासाठी बांधलेले मचाण किंवा रुंद पायांची शिडी घ्यावी. रिकाम्या पिंपावर किंवा पोत्यांच्या थप्पीवर उभे राहून हे काम करणारे पुष्कळ आढळतात, आणि पाना निसटला की तेच खाली येतात. पाइप मागे येताना किती फेरे झाले ते मोजून भिंतीवर खडूने लिहावे. नवीन स्प्रिंगेला ताण देताना हा आकडा उपयोगी पडतो.

पाइप हाताने सैल फिरू लागला म्हणजे ताण संपला असे समजावे. त्यानंतर गुंडाळी दोरांनी उतरवून किंवा जागेवरच आधार देऊन तुटलेल्या स्प्रिंगेची पुली काढता येते. पुलीची पेटी गोदामाच्या दारात उघडू नये. आतील चपटी स्प्रिंग पुष्कळ आकसून बसविलेली असते आणि झाकण निघताच ती पात्यासारखी बाहेर झेपावते. तिच्या कडा धारदार असतात. पुलीसह संपूर्ण संच बदलणे थोडे महाग पडेल, पण बरे. नवीन स्प्रिंग जुनीच्याच रुंदीची, जाडीची व तेवढ्याच वेटोळ्यांची असावी. “जाड घातली म्हणजे टिकेल” हा हिशेब येथे चालत नाही. एक स्प्रिंग जास्त जोराची झाली तर शटर पुन्हा तिरपेच चालते.

एकच बदलावी की सर्व, हा प्रश्न खर्चामुळे नेहमी निघतो. पोलाद वारंवार वाकविले व सरळ केले असता थकते आणि अखेर तुटते, हे तार हातात घेऊन कोणालाही पाहता येईल. गोदाम दिवसातून दोनदा, वर्षाचे 300 दिवस उघडले, तर दहा वर्षांत प्रत्येक स्प्रिंगेस 6,000 वेळा पीळ बसतो. एकाच दिवशी बसविलेल्या चारही स्प्रिंगांनी हा पीळ सारखाच सोसलेला असतो. त्यांतील एक आज तुटली, तर दुसऱ्या फार मागे नसतात. तेव्हा संस्थेच्या पंचांनी चारही एकदम बदलण्यास मान्यता द्यावी. मचाण, मजुरी व खोळंबा एकदाच सोसावा लागतो.

काम झाल्यावर कारागिराचे पैसे देण्यापूर्वी शटर अर्ध्यावर आणून, पाय बाहेर ठेवून, हळूच हात काढून पाहावे. ते खाली घसरले तर ताण कमी आहे, आपण होऊन वर उसळले तर जास्त आहे. दोन्ही बाजू चॅनेलमध्ये सारख्या चालतात काय ते पाहावे. यू-क्लॅम्पचे सर्व नट आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा आवळून घ्यावेत आणि ब्रॅकेटचे भिंतीतील बोल्ट हलतात काय हे तपासावे. जुन्या दगडमातीच्या भिंतीत ते पुष्कळदा हलतात.

एवढी काळजी घेऊनही बोटे चिरडली गेली, तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी, हात उंच ठेवावा आणि रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. जखमेवर हळद, चुना किंवा तंबाखू दाबू नये.

स्प्रिंगा लवकर तुटण्याचे आणखी एक कारण खताच्या गोदामांत विशेष आढळते. युरिया हवेतील ओल शोषून घेतो आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. यांची धूळ वर चढून पुल्यांवर बसली की पोलाद गंजते, गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि चीर तेथूनच धरते. समुद्रकाठच्या गावी खारी हवा हेच करते. यासाठी खताची थप्पी शटरला लागून लावू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा झाकण उघडून धूळ कोरड्या ब्रशने झाडावी आणि पुल्यांच्या सांध्यांत पातळ तेल सोडावे. चॅनेल रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावेत. त्यांत ग्रीस भरू नये, त्यावर धूळ साचून घट्ट थर बनतो. झाकण उघडण्यापूर्वी काठीने दोनदा ठोकावे. तेथे गांधीलमाशांची पोळी असतात, क्वचित सापही असतो.

नवीन गोदाम बांधणाऱ्या संस्थांनी आराखड्यातच मागील वा बाजूच्या भिंतीत एक लहान लोखंडी दार ठेवावे. शटरच्या आतील बाजूस भिंतीवर तैलरंगाने स्प्रिंगेची रुंदी, जाडी, एकूण संख्या, दिलेले फेरे व बसविल्याची तारीख लिहून ठेवावी. चिटणीस बदलतात, कारागीर गाव सोडून जातो, पण भिंतीवरील नोंद पुढच्या दुरुस्तीपर्यंत जागेवर राहते.