‘दामे’ म्हणताच जोडीदार बदलतो, पण कसा?

छत्रपती संभाजीनगर : नवरात्रात दांडिया खेळणाऱ्यांना ही गंमत ठाऊक असते. ठरलेल्या टिपऱ्या वाजल्या की प्रत्येक जण एक जागा सरकतो आणि समोर नवा चेहरा येतो. क्यूबाच्या ‘रुएदा दे कासिनो’ या सालसा प्रकारातही असेच होते. फक्त तिथे मध्ये टिपरी नसते, थेट हात धरावा लागतो. नवशिक्यांचा गोंधळ आणि संकोच दोन्ही इथूनच सुरू होतात.

रुएदा म्हणजे काय?
रुएदा म्हणजे चाक. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हवानामध्ये हा प्रकार रुजला. ‘कासिनो’ हे नाव तिथल्या ‘कासिनो देपोर्तिवो’ क्लबवरून आले. जोड्या गोलात उभ्या राहतात, एक जण हुकूम पुकारतो आणि सगळ्या जोड्या तीच हालचाल एकाच वेळी करतात.

‘दामे’ कसे करायचे?
‘दामे’ म्हणजे ‘मला दे’. सालसाची मोजणी आठची असते. १-२-३ वर पावले, ४ ला थांबा. ५-६-७ वर पावले, ८ ला थांबा. बहुतेक वर्गांत ही चाल अशी शिकवतात :

• १-२-३ : लीडर नेहमीप्रमाणे मागे पाऊल टाकतो.
• ५-६-७ : जोडीदाराचा हात सोडून उजवीकडच्या पुढच्या फॉलोअरकडे जातो.
• पुढचे आठ ठोके : नव्या जोडीदाराला आपल्या उजवीकडून डावीकडे आणतो. या चालीला ‘दिले के नो’ म्हणतात.

फॉलोअरने जागा सोडायची नाही. ठेका धरून डावीकडून येणाऱ्या लीडरकडे वळायचे.

कुठे चुकते?
जुना हात उशिरा सुटला की पुढची जोडीही उशिरा जुळते आणि चूक गोलभर पसरते. गोल मोठा झाला तर तीन पावलांत पोहोचता येत नाही, धावावे लागते. म्हणून गोल आटोपशीर ठेवावा. नजर पायांवर नको, पुढच्या जोडीदारावर हवी. उशीर झालाच तर घाई न करता पुढच्या ‘१’ला ठेका पकडावा.

संकोच वाटत असेल तर?
गोलात शिरले की जोडीदार बदलणार, हे गृहीत असते. मध्येच नकार दिला तर चाक अडते. त्यामुळे फक्त आपल्याच जोडीदारासोबत नाचायचे असेल, तर गाणे सुरू होण्यापूर्वी तसे सांगून गोलाबाहेर नाचावे. गोलात असताना हात हलका धरावा आणि वेळेवर सोडावा.