पात्याला बिजागरी

हेलिकॉप्टरचा पंखा गोल फिरतो, पण वारा त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा भेटत नाही. सगळी अडचण तिथून सुरू होते.

समजा, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटर आहे आणि हेलिकॉप्टर ५० मीटरने पुढे निघालं. वाऱ्याला सामोऱ्या जाणाऱ्या पात्याच्या टोकाला हवा २५० च्या वेगाने भिडते, पलीकडून मागे परतणाऱ्याला फक्त १५० ने. उचल वेगाच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे दोन्ही टोकांच्या उचलीत जवळजवळ पावणेतीन पटींचा फरक! यंत्र कुशीवर पडणारच. जागच्या जागी तरंगूनही सुटका नाही. समोरून वारा सुटला की पात्यांच्या लेखी ते पुढेच चाललेलं असतं.

स्पेनचे अभियंते हुआन दे ला सिएर्व्हा यांची सुरुवातीची ऑटोजायरो अशीच कलंडत. (ऑटोजायरोचा पंखा इंजिनावर नव्हे, अंगावर येणाऱ्या हवेने फिरतो, बाकी गणित तेच.) त्यांचं छोटं मॉडेल मात्र छान उडे. मॉडेलची पाती लवचीक होती, मोठ्या यंत्राची ताठ. मग त्यांनी प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीने जोडलं आणि जानेवारी १९२३ मध्ये त्यांचं सी-४ नीट उडालं.

बिजागरीमुळे जास्त उचल मिळालेलं पातं वर उठतं. वर जाताना त्याला हवा किंचित वरून लागते, हवेशी होणारा कोन घटतो आणि उचलही आपोआप कमी होते. परतणारं पातं खाली येतं. तिथे कोन वाढतो, उचल वाढते. शिवाय उलथवणारा जोर बिजागरीपाशीच अडतो, मधल्या दांड्यापर्यंत पोचत नाही. मग पाती वर मुडपून का जात नाहीत? फिरताना बाहेर ओढणारा जोर त्यांना ताणून धरतो म्हणून. आज अनेक हेलिकॉप्टरांत बिजागरीऐवजी लवचीक तुकडाच वाकतो, म्हणजे फिरून त्या मॉडेलकडेच आलो!

पण या तोडग्यालाही हद्द आहे. वेग वाढेल तसा परतणाऱ्या पात्याचा कोन वाढत जातो, आणि शेवटी हवा त्याच्या पाठीला धरून वाहायची थांबते. उचल ढासळते, यंत्र थरथरतं, नाक वर येतं, मग ते त्या बाजूला लवंडतं. खालून आलेला झोत हा कोन आणखी वाढवतो, म्हणून खवळलेल्या हवेत वैमानिक वेग उतरवतात. १९८६ मध्ये वेस्टलँड लिंक्सने पात्यांची टोकं खास घडवून ताशी ४००.८७ किलोमीटर गाठले. नेहमीच्या घडणीच्या हेलिकॉप्टरांत तो अधिकृत विक्रम अजून मोडलेला नाही.