९५ गुणांची वाइन आणि ८.२ गुणांची भाकरी

समजा, नाशिकजवळच्या एखाद्या वायनरीत खास जेवणाचं आमंत्रण आलंय. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर तिकडे वायनरी वाढल्या, त्यामुळे असं आमंत्रण आता अगदीच अप्रूपाचं राहिलेलं नाही. टेबलावर पाच नामांकित वाइन आहेत. प्रत्येक बाटलीपुढे एक चिठ्ठी : ९२, ९३, ९५, ९६, ९७. शंभरपैकी. यजमान हळूच सांगतात, "ही शेवटची सगळ्यात महाग बरं का." तुम्ही घोट घेता आणि ९७ वाली खरंच भारी लागते.

प्रश्न असा, की तुम्ही नेमकं काय चाखलंत? वाइन, की चिठ्ठी?

वाइन प्यावी की नाही हा ज्याचा त्याचा विषय. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने हा प्रश्न सोडू नये. परभणीत कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून आहे. तिथे किंवा अशा कुठल्याही विभागात तुम्ही गेलात, तर कधी ना कधी 'सेन्सरी इव्हॅल्युएशन' वाट्याला येणारच. म्हणजे माणसांना खाऊ घालायचं, गुण घ्यायचे, सरासरी काढायची. थिसिसमध्ये मग वाक्य येतं : नव्या वाणाच्या भाकरीला ८.२, जुन्याला ७.९, म्हणून नवं वाण सरस. ९५ ची वाइन आणि ८.२ ची भाकरी, दोन्ही आकडे एकाच जातीचे. म्हणून दोघांनाही तेच तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : चाखणाऱ्याला काय माहीत होतं?

२००८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाइन दिली. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. महाग सांगितली तेव्हा लोकांना ती जास्त आवडली. इतकंच नाही, तर आवडीशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे लोक शिष्टाचार म्हणून खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरोखर छान वाटत होती.

रंगाचंही तसंच. फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळून. वर्णन करताना त्यांनी शब्द वापरले ते लाल वाइनचे. हे संशोधन २००१ चं.

आता भाकरीकडे या. आपल्याकडे मालदांडीची भाकरी म्हणजे मापदंड. ताटात चिठ्ठी लावली 'मालदांडी' आणि शेजारी 'नवीन वाण', तर जीभ आधीच एका बाजूला झुकते. म्हणून नावं काढायची आणि तीन आकडी कोड द्यायचे, तेही ४१७, ८६२ असे कसेही निवडलेले. अ-ब-क किंवा १-२-३ नको, कारण 'अ' आणि '१' यांना आपोआप मान मिळतो. वाढण्याचा क्रम प्रत्येकासाठी बदलायचा. रंगामुळे ओळख पटत असेल तर रंगीत उजेडात चव घ्यायची. आणि भाकरीच्या बाबतीत वेळ पाळायची. तव्यावरून उतरल्यावर एक पाच मिनिटांनी दिली आणि दुसरी अर्ध्या तासाने, तर तुम्ही वाण मोजत नाही, भाकरी किती वातड झाली ते मोजताय.

दुसरा प्रश्न : तोच माणूस पुन्हा तेच गुण देतो का?

कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे निवृत्त प्राध्यापक स्वतः वाइनही बनवायचे. एका स्पर्धेत पदक आणि दुसऱ्या स्पर्धेत काहीच नाही, असं का होतं, हे त्यांना कळेना. मग त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरमधल्या परीक्षकांचीच परीक्षा घेतली. एकाच बाटलीतली वाइन, इतर वाइनच्या मधे मिसळून, परीक्षकाला न सांगता तीनदा दिली. २००८ साली निकाल छापला. साधारण दहापैकी एकच परीक्षक तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात राहिला. अनेकांचे गुण चारेक गुणांनी वर-खाली झाले. म्हणजे आज ९० मिळालेली वाइन थोड्या वेळाने ८६ किंवा ९४ ची ठरू शकते. हे अनुभवी लोक होते, नवखे नव्हेत.

शिवाय शंभराची ही पट्टी सुरू होते ५० पासून. विकायला ठेवलेल्या वाइनच्या जाहिरातीत तर बहुतेक ९० च्या पुढचेच आकडे दिसतात. अशा वेळी चार गुणांची हलचल म्हणजे अख्खा फरकच पुसला जातो. आपल्या पॅनेलची अशी हलचल किती, हे माहीत नसताना ८.२ आणि ७.९ मधला ०.३ चा फरक कशाच्या जोरावर सांगणार?

तिसरा प्रश्न : नुसत्या नशिबाने किती जमलं असतं?

इथे रोनाल्ड फिशर मदतीला येतात. चहात दूध आधी घातलं की नंतर, हे चवीवरून ओळखता येतं असा एका बाईंचा दावा होता. फिशरने १९३५ च्या पुस्तकात प्रयोग मांडला : आठ कप, चार असे, चार तसे. आठातून चार निवडायचे ७० प्रकार. म्हणजे अंदाजपंचे सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १.

आपल्यासाठी याचं सोपं रूप म्हणजे ट्रँगल टेस्ट. तीन तुकडे, दोन एकाच वाणाचे, एक वेगळा. वेगळा ओळखा. ३० लोकांना दिलं तर नशिबानेच सुमारे १० बरोबर येतील. पाच टक्के पातळीवर फरक आहे असं म्हणायला किमान १५ लागतात. १० जणांचं पॅनेल असेल तर ७. आधी ही चाचणी करा. फरक ओळखूच येत नसेल, तर कुठलं जास्त आवडलं हे विचारण्यात अर्थ नाही.

अजून एक गोष्ट व्हायवाला हमखास निघते. नऊ गुणांची हेडॉनिक पट्टी अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनातून आली, सैनिकांना काय आवडतं हे मोजायला. ती *आवड* मोजते, दर्जा नाही. म्हणून ती सामान्य खाणाऱ्यांसाठी आहे आणि माणसं भरपूर लागतात, पन्नास-शंभर तरी. विभागातले दहा 'सेमी-ट्रेन्ड' मित्र बसवून आवड मोजणं म्हणजे हॉटेलच्या आचाऱ्यांना विचारून गिऱ्हाइकांची पसंती ठरवणं.

एवढं ताणायचं कशाला?

वाइनचा गुण चुकला तर कोणाचे तरी पैसे वाया जातात, बस. पण इक्रिसॅट आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली, तिचं उदाहरण घ्या. अशा वाणाचा उपयोग कधी? घरात त्याची भाकरी रोज आवडीने खाल्ली गेली तरच. चव नीट न मोजता चांगलं वाण 'नापसंत' ठरलं, तर पोषण ताटापर्यंत पोचतच नाही. न आवडणारं 'पसंत' ठरलं, तर शेतकरी एक हंगाम पेरतो आणि पुढच्या वर्षी सोडून देतो. दोन्ही वेळा किंमत मोजतो तो आपल्या थिसिसबाहेरचा माणूस.

तेव्हा सिनॉप्सिस लिहितानाच ठरवा : कोड कोण देणार, क्रम कसा बदलणार, माणसं किती. आणि पॅनेलच्या ताटात एक सॅम्पल वेगवेगळ्या कोडखाली दोनदा ठेवा. त्या दोन आकड्यांतला फरक आधी बघा, दोन वाणांतला फरक नंतर.