आंबोलीतली शेवटची रात्र

गुहागर, देवगड, तारकर्ली करत १२ दिवस तंबू घेऊन हिंडलो आणि आंबोलीचा घाट चढून वर आलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. इथून बेळगाव सत्तरेक किलोमीटर, फार तर दोन तास. शेगडीचा गॅस संपत आलेला, बाबांची कंबर धरलेली. मलाही घरची गादी दिसू लागली होती.

“जाऊया की घरी,” मी म्हटलं.

आई काही बोलली नाही, डिकीतून कुकर काढला. दादा सोमवारी हैदराबादला नोकरीवर रुजू होणार होता. मी गप्प बसले.

ओळखीच्यांच्या अंगणात तंबू ठोकला. उरलेल्या डाळ-तांदळाची खिचडी, कोकमाचं सार. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर. डिसेंबरात दव इतकं पडतं की पहाटे तंबू चिंब. (ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते.)

सकाळी हिरण्यकेशीचा उगम पाहिला. गुहेतून येणारं ते पाणी पुढे गडहिंग्लज, संकेश्वरवरून घटप्रभेला मिळतं. दादा तिथं बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसला. कुणीच घाई केली नाही.

घरी पोचल्यावर त्यानं आधी तंबू गच्चीवर वाळत घातला, मग बॅग भरायला घेतली.