वाक्प्रचार परक्या मुलखात

परभणी जिल्ह्यात जुन्या जमिनीचा कज्जा उभा राहिला की सेतवार, खासरा पाहणी, मुंतखब अशा दस्तांच्या नकला काढाव्या लागतात, आणि त्यांतील बराच मजकूर निजामी अमदानीच्या उर्दूत असल्यामुळे ती वाचणारा जाणकार शोधणे ओघानेच येते. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास दप्तरातील फारसीची जागा उर्दूने घेतली खरी; परंतु कारकुनी मायने आणि वाक्प्रचार फारसी वळणाचेच राहिले.

मराठीलाही त्या वळणाची सवय शतकानुशतकांची आहे. कंबर बांधणे, शपथ खाणे, हवा खाणे, डोक्यावरून पाणी जाणे या प्रयोगांची जोडीदार रूपे फारसीत सापडतात. औरंगाबादेस दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या मौलवी अब्दुल हक यांनी तर मराठीवरील फारसीच्या परिणामाविषयी उर्दूत स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यामुळे फारसी वाक्प्रचार इंग्रजीत नेताना आपल्याकडील मनुष्यास अर्थ चटकन कळतो, आणि नेमका तेथेच तो फसतो. ‘गम खाणे’ म्हणजे आपल्या लेखी सबुरीने घेणे, राग गिळणे. फारसीत मात्र ‘गम खुर्दन’ म्हणजे शोक करणे, काळजी वाहणे. मराठीच्या भरवशावर जो तेथे संयमाचा इंग्रजी शब्द घालील, तो रडणाऱ्यास शहाणा ठरवील!

याउलट काही प्रयोगांना आपल्याकडेही जोड नाही. कोणी उपकार केला तर इराणी मनुष्य ‘तुझा हात न दुखो’ अशा अर्थाचे बोलतो, आणि मेजवानीस न आलेल्या मित्रास ‘तुझी जागा रिकामी होती’ म्हणतो. पहिल्याचे सहज इंग्रजी साधे ‘थँक यू’ आणि दुसऱ्याचे ‘वी मिस्ड यू’ इतकेच. हात आणि जागा दोन्ही गळतात, आणि बोलणाऱ्याचा हेतू पोचला तर ती गळती सोसावी, असे माझे मत आहे.

फिट्झजेराल्डने १८५९ साली उमर खय्यामच्या रुबायांना इंग्रजी रूप देताना याहून पुष्कळच मोकळीक घेतली. ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५) सिद्ध करणारे माधव जूलियन यांना ती मोकळीक पुरती ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून केलेली ‘द्राक्षकन्या’ १९३१ मध्ये निराळी प्रसिद्ध केली. मूळ आणि रूपांतर यांची अशी प्रामाणिक फारकत करणारा दुसरा मराठी कवी मला आठवत नाही.

काव्यातील ही सवलत सनदेच्या भाषांतरास लागू नाही. ‘नसलन बाद नसलन’ म्हणजे पिढ्यान् पिढ्या. एखाद्या इनामाचा हक्क तहहयात की वंशपरंपरा, याचा निवाडा अशा शब्दांवर अडू शकतो, आणि तेथे कानाला गोड लागणारे सैल इंग्रजी वारसाच्या मुळावर येते. तेव्हा दस्ताचे भाषांतर, मराठी असो वा इंग्रजी, करून घेताना मूळ फारसी शब्द देवनागरीत शेजारी लिहून मागावा, आणि तो न देणाऱ्याचे भाषांतर कचेरीत दाखल करू नये.