खुंट मुंबईचा, डोळा हॉलिवूडचा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आंबिया बहारासाठी दिलेला ताण तोडायचा होता आणि झाडांना पहिलं पाणी सुरू होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर बगीच्यातून हलता येत नाही, म्हणून मोटारीजवळ घोंगडी पांघरून मी मोबाईलवर जुना इंग्रजी चित्रपट लावला. ‘वदरिंग हाइट्स’, 1939 सालचा. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर वाऱ्याने झोडपलेली टेकडी, तिच्यावर लॉरेन्स ऑलिव्हिए आणि त्याच्याकडे धावत येणारी एक मुलगी. तिरपे, लांबट डोळे, रुंद कपाळ, चेहऱ्यावर एकाच वेळी हट्ट आणि भीती. ही कोण म्हणून शोधलं. नाव मर्ल ओबेरॉन. जन्म 19 फेब्रुवारी 1911, मुंबई.

मुंबई वाचून मी चित्रपट थांबवला. त्या रात्रीपासून ही बाई माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आमच्या मोर्शी-वरूडच्या पट्ट्याला लोक विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात ते संत्र्यामुळे. पण खुद्द हॉलिवूडही एकेकाळी लिंबू-संत्र्यांच्या बागांचंच गाव होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. 1903 मध्ये त्याची वेगळी नगरपालिका झाली आणि 1910 मध्ये ते लॉस एंजेलिस शहरात विलीन झालं. 1913 च्या अखेरीस सेसिल डीमिल तिथे ‘द स्क्वॉ मॅन’ हा चित्रपट करायला आला, तेव्हा त्याने भाड्याने घेतलेल्या कोठाराभोवती फळबागाच होत्या. पुढे वीस वर्षांत बागा गेल्या आणि स्टुडिओ उभे राहिले.

संत्र्याच्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. झाडाला दिसतं ते फळ संत्र्याचं असतं, पण जमिनीत जे असतं ते संत्र्याचं नसतं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत कलमा घ्यायला गेलं की जाणता शेतकरी आधी खुंट विचारतो. खुंट जंबेरीचा, म्हणजे रानटी, आंबट, काटेरी लिंबाचा. त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकायचा. लावताना जोड जमिनीच्या बराच वर ठेवायचा, नाहीतर डिंक्या रोग लागतो. खाली खुंटाला फुटवे आले तर ते लगेच काढायचे. चार-पाच वर्षांनी त्या झाडाकडे पाहून जंबेरी कोणाला आठवत नाही, पण पाणी तीच ओढत असते. मर्ल ओबेरॉनची हकीकत वाचताना मला पानोपानी हा खुंट दिसत होता.

तिचं पूर्ण नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. घरात क्वीनी म्हणत. तिच्या जन्माच्याच वर्षी राजा पंचम जॉर्जबरोबर राणी मेरी हिंदुस्थानात आली होती, तिच्यावरून हे लाडाचं नाव पडलं असं सांगतात. वडील आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडहून आलेले यांत्रिकी अभियंते, रेल्वेत नोकरीला. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर गेले आणि तिथेच वारले. क्वीनीला वाढवलं शार्लट सेल्बी हिने. शार्लट सिलोनची, मिश्र वंशाची, सावळी. क्वीनी तिलाच आई म्हणत वाढली. प्रत्यक्षात शार्लट तिची आजी होती. जन्म देणारी आई म्हणजे शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, आणि मूल झालं तेव्हा ती स्वतःच अजाण वयाची पोर होती. आजीने अब्रू झाकायला नात आपल्या ओटीत घेतली आणि मुलीला तिची बहीण केलं. म्हणजे हे मूल जगात आलं तेच एका लपवणुकीच्या आत. पुढे तिने जे लपवलं त्याचा दोष देताना ही सुरुवात विसरता कामा नये.

1917 मध्ये हे कुटुंब मुंबईहून कलकत्त्याला गेलं. ला मार्टिनिएरसारख्या नामांकित शाळेत तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण मिश्र रक्तावरून मुलींनी इतकं छळलं की शाळा सुटली. पुढे ती टेलिफोन ऑपरेटर झाली, हौशी नाटकमंडळींत जाऊ लागली, फिर्पो नावाच्या झगमगत्या हॉटेलातल्या संध्याकाळी तिला आवडू लागल्या. 1920 च्या दशकाच्या शेवटी ती आणि शार्लट युरोपात पोचल्या. लंडनच्या कॅफे द पारीमध्ये ती क्वीनी ओब्रायन या नावाने काम करत होती. तिथून किरकोळ भूमिका आणि मग हंगेरीहून आलेला निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा. 1933 च्या त्याच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ मध्ये ती शिरच्छेदाला निघालेली राणी अ‍ॅन बोलिन झाली. पडद्यावर जेमतेम काही मिनिटं. पण ती आरशासमोर बसते आणि पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून हलत नाही. त्या चित्रपटासाठी चार्ल्स लॉटनला ऑस्कर मिळालं आणि हिला नाव.

नाव आलं तसं जन्मगावही नवं आलं. प्रसिद्धीखात्याने तिला टास्मानियाची केलं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं ते बेट इतकं लांब होतं की तिथे जाऊन कोणी चौकशी करणार नव्हतं. इंग्रजांची वसाहत असल्यामुळे गोरेपणाचा प्रश्नही सुटत होता. मुंबई पुसली गेली. शार्लट तिच्याबरोबर लंडनला राहत होती, पण पाहुणे आले की ती मोलकरीण ठरे. ज्या बाईने तिला पदराखाली घेतलं, तीच चहाचा ट्रे आणायची आणि मुलीला हाक न मारता परत जायची. हे वाचून मला राग आला होता, हे कबूल करतो. पण त्या काळाचे कायदे वाचले तेव्हा राग तिच्यावरून दुसरीकडे वळला.

1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ नाही आणि म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांची वाट बंद झाली. हे दार जरासं किलकिलं झालं ते 1946 मध्ये, वर्षाला अवघ्या शंभर हिंदी माणसांसाठी. चित्रपटांसाठी 1930 मध्ये आचारसंहिता झाली आणि 1934 पासून ती सक्तीने लागू झाली. गोऱ्या आणि काळ्या माणसांमधला शृंगार दाखवायला तिने बंदी घातली, आणि व्यवहारात आशियाई कलाकारांनाही तीच फुटपट्टी लागत होती. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची मोठी नटी. 1937 च्या ‘द गुड अर्थ’ मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका तिला मिळाली नाही, कारण नवऱ्याच्या भूमिकेत गोरा नट होता. ती भूमिका लुइस रायनरने केली आणि तिला ऑस्कर मिळालं. मर्लने मुंबईचं नाव घेतलं असतं तर तिला नायिका कोणी केलं नसतं.

इथे मला पुण्यात जन्मलेली एक दुसरी मुलगी आठवते. रुबी मायर्स, ज्यू कुटुंबातली, तीही टेलिफोन ऑपरेटर. आपल्याकडे तेव्हा चांगल्या घरच्या हिंदू बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून मूकपटांच्या नायिका पुष्कळदा ज्यू आणि अँग्लो-इंडियन घरांतून आल्या. रुबी सुलोचना झाली. रेने स्मिथ सीतादेवी झाली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ मध्ये सुलोचनाने आठ रूपं घेतली आणि मूकपटांच्या काळात तिच्याइतकी लोकप्रिय नटी शोधावी लागेल. बोलपट आल्यावर हिंदी कच्चं म्हणून ती मागे पडली, मग भाषा शिकून परत उभी राहिली. 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. मुंबईने रुबीचं नाव बदललं, पण ती रुबी मायर्स आहे हे प्रेक्षकांना माहीत होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मर्लला तेवढीही मोकळीक नव्हती. मुंबईतच राहिली असती तर ती कोणत्या नावाने पडद्यावर आली असती, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन जातो.

1934 मध्ये ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ आला, लेस्ली हॉवर्डबरोबर. मग सॅम्युअल गोल्डविनने तिला हॉलिवूडला नेलं. 1935 च्या ‘द डार्क एंजल’ साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार ‘डेंजरस’ साठी बेटी डेव्हिसकडे गेला. 2023 मध्ये मिशेल यो हिला याच ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा वार्ताहरांना शब्द जपून वापरावे लागले. स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली, असं त्यांनी लिहिलं, कारण 87 वर्षांपूर्वी मुंबईच्या मुलीचं नाव त्या यादीत येऊन गेलं होतं आणि तेव्हा ते कोणाला समजलं नव्हतं.

1937 मध्ये लंडनला तिच्या मोटारीला अपघात झाला आणि चेहऱ्यावर जखमा झाल्या. ‘आय, क्लॉडियस’ हा चित्रपट अर्धवट राहिला तो कायमचाच. त्याच वर्षी शार्लट वारली. 1939 मध्ये मर्लने कोर्डाशी लग्न केलं आणि तीन वर्षांनी त्याला ‘सर’ किताब मिळाल्यावर ती लेडी कोर्डा झाली. हे लग्न 1945 मध्ये मोडलं. दुसरा नवरा लुसियन बॅलर्ड हा छायाचित्रकार. ‘द लॉजर’ च्या वेळी त्याने तिच्या चेहऱ्यावरचे व्रण दिसू नयेत म्हणून एक खास दिवा तयार केला. हा छोटा दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला लागूनच बसवायचा. बाजूने प्रकाश टाकला की व्रणाच्या कडेला सावली पडते. भिंगाच्याच दिशेने समोरून सौम्य प्रकाश टाकला की ती सावली भरून निघते आणि कातडी सपाट दिसते. तिच्याच नावावरून त्या दिव्याला ‘ओबी’ म्हणू लागले आणि चित्रीकरणात ते नाव आजही चालतं. एका बाईचा चेहरा झाकण्यासाठी निघालेला दिवा पुढे शेकडो चेहरे उजळवत राहिला.

आणि तरीही तिला आजी आठवत होती. 1949 मध्ये तिने शार्लटच्या जुन्या छायाचित्रावरून तिचं तैलचित्र काढून घेतलं. चित्रकाराला सूचना होती की रंग उजळ ठेवायचा. ते चित्र ती प्रत्येक नव्या घरात बरोबर नेत राहिली. जिवंतपणी जिला मोलकरीण म्हटलं, तिला मेल्यावर भिंतीवर आईची जागा दिली, पण गोरी करून. या चित्रावर मी पुष्कळ विचार केला आहे. ढोंग म्हणून ते सोडून देणं सोपं आहे. मला त्यात एक लेक दिसते, जिला आई भिंतीवर हवीच होती आणि तिला आणायला दुसरा मार्ग उरला नव्हता.

1978 मध्ये टास्मानियाच्या होबार्ट शहराने तिला सन्मानाने बोलावलं. आपल्या मातीतली लेक घरी येते म्हणून शहर सजलं. समारंभात जन्माचा विषय निघाला, तिला बोलता येईना, तब्येतीचं कारण सांगून ती निघून गेली. पुढच्या वर्षी, 23 नोव्हेंबर 1979 ला, कॅलिफोर्नियात ती वारली. 1983 मध्ये चार्ल्स हायम आणि रॉय मोसली यांचं चरित्र आलं आणि तिच्या हिंदुस्थानातल्या मुळांची वाच्यता झाली. तरी शार्लट आजी होती हे त्यातही नव्हतं. ते कळलं ते हॅरी सेल्बीमुळे. कॉन्स्टन्सने पुढे लग्न केलं, तिला मुलं झाली, त्यातला हा हॅरी. मर्लचा जन्मदाखला त्याने मुंबईच्या सरकारी दप्तरात शोधून काढला आणि जिला मावशी समजत होतो ती बहीण निघाली हे त्याला तिथे कळलं. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला होता, पण तिने भेट नाकारली. खुंटाला आलेला फुटवा छाटतात तसंच ते झालं. हॅरीने तरीही हायमला हे सांगितलं नाही. 2002 च्या ‘द ट्रबल विथ मर्ल’ या माहितीपटासाठी मात्र तो बोलला. गेल्या काही वर्षांत तिच्याकडे नव्या डोळ्यांनी पाहणं सुरू झालं आहे. मयूख सेन यांचं 2025 मधलं ‘लव्ह, क्वीनी’ हे चरित्र मायेने लिहिलेलं आहे.

‘वदरिंग हाइट्स’ कडे परत येतो, कारण तिचं सर्वांत टिकलेलं काम तेच. विल्यम वायलरने तो केला आणि ग्रेग टोलँडला त्याच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. इंग्लंडचा माळ म्हणून जो दिसतो तो खरं तर लॉस एंजेलिसजवळच्या टेकड्यांवर उभा केलेला आहे. एमिली ब्राँटीच्या कादंबरीचा जवळजवळ अर्धाच भाग त्यात आहे. गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली तर नवल नाही. आपल्याकडच्या पिढ्यांनी ती दिलीपकुमार आणि वहीदा रहमानच्या ‘दिल दिया दर्द लिया’ मध्ये 1966 साली पाहिली आहे.

कादंबरीचा नायक हीथक्लिफ काळासावळा, रस्त्यावर सापडलेला पोर. एका शेजाऱ्याला तो हिंदी खलाशाचं मूल वाटतो. चित्रपटात ही भूमिका गोऱ्या ऑलिव्हिएने केली आणि गोऱ्या घरातली नायिका कॅथी झाली ती मुंबईची मर्ल. हीथक्लिफ आपल्या रंगावर खंत करतो तेव्हा कादंबरीतली मोलकरीण नेली त्याची समजूत काढते. कोण जाणे, तुझी आई एखादी हिंदुस्थानची राणी असेल, अशा अर्थाचं ती बोलते. मर्लने भूमिकेसाठी कादंबरी वाचली असेल तर या जागी ती थांबली असेल. थांबलीच असेल असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री मी चित्रपट पुन्हा सुरू केला तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. कॅथी खिडकीशी उभी होती. तिच्या डोळ्यांचा कोन, हनुवटी, बोलता बोलता मध्येच मान वळवायची लकब, हे सगळं मी आता वेगळ्या नजरेने पाहत होतो. शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचलं होतं. मोबाईल खिशात टाकून मी बांध फोडायला उठलो.