सुताला मानवणारी हवा

लोखंड वितळवणाऱ्या भट्टीपुढे माणूस भाजून निघतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. भिवंडी-इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आग कुठेच दिसत नाही. वर तापलेले पत्रे, आत मोटारींची ऊब, आणि तरीही खिडक्या बंद. कारण चिंता असते ती सुताची. कोरड्या हवेत खळ लावलेला ताणा ठिसूळ होऊन तुटतो. ओलाव्यात मात्र कापसाचा तंतू अधिक मजबूत होतो. म्हणून सुती विणाईला 75 ते 85 टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली मानतात.

सुताचं हे सुख विणकराच्या जिवावर येतं. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो निथळून फरशीवर पडतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता राहते. आधी पेटके, गरगरणं, मळमळ. शरीराचं तापमान 40 अंशांपुढे जाऊन माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत पाणी, बर्फ, वारा, जे हाताशी असेल त्याने अंग गार करत राहायचं.

यातलं बरंच शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. लँकेशायरच्या विणकरांनी शेडमध्ये सोडल्या जाणाऱ्या वाफेविरुद्ध ओरड केली, तेव्हा ब्रिटिश संसदेने 1889 मध्ये सुती कापडाच्या कारखान्यांतल्या आर्द्रतेला मर्यादा घातली. 1905 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी दाखवलं, की खरी धोक्याची सूचना ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक देतो. स्थिर हवेत तो 31 अंशांवर गेला, की स्वस्थ बसलेल्या माणसाचंही अंग तापू लागतं.

पुढे 1957 मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी उष्णतेचा ताण मोजणारा एक निर्देशांक तयार झाला. छपराखाली तो काढताना ओल्या तापमापकाला 70 टक्के आणि काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला 30 टक्के वजन देतात. समजा, शेडमध्ये पहिला 29 आणि दुसरा 36 दाखवतो. निर्देशांक येतो 31.1. उष्णतेला सरावलेल्या माणसाने मध्यम कष्टाचं काम करायचं, तर आंतरराष्ट्रीय मानक 28 वर थांबतं!

आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही कृत्रिम आर्द्रतेसाठी स्वतंत्र कलम आलं, पंधरावं. त्यासाठी वापरायचं पाणीसुद्धा शुद्ध हवं, इतका बारकावा त्यात होता. पण मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या जागेला लागू होता. चार-सहा माणसांवर चालणारी शेड त्याच्या बाहेरच राहिली. शिवाय मजुरी विणलेल्या कापडावर. पाणी प्यायला माग थांबवला, तर तेवढी कमाई बुडते. बारा तासांच्या पाळीत तहान मारण्याची सवय लागते ती यातूनच. तिला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही.

नवख्याची गोष्ट आणखी अवघड. शरीराला उष्णता अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेचा सल्ला असा, की पहिल्या दिवशी नव्या माणसाला नेहमीच्या वेळेच्या 20 टक्केच उष्णतेत ठेवावं आणि रोज तेवढंच वाढवावं. आपल्याकडे नवा माणूस पहिल्याच रात्री पूर्ण पाळीला उभा राहतो.

ताण्यापुरता ओलावा सोडून बाकीची शेड सुसह्य ठेवणारी यंत्रणा आता मिळते, पण ती मोठ्या गिरण्यांसाठी. जुन्या मागांच्या शेडमध्ये हवा बाहेर ओढणारा पंखाही सहजी बसत नाही. ओलावा जातो ना! पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा हात मात्र सुताला अजिबात बाधत नाही.